साठवणीतील वाफेच्या इंजिनांचा प्रतिकृती-देखावा

साठवणीतील वाफेच्या इंजिनांचा प्रतिकृती-देखावा हा लोहमार्ग प्रतिकृतिकलेतील एक प्रकार आहे. सेवेतून बाजूला काढलेली, आगाराच्या मागील रुळांवर उभी करून ठेवलेली वाफेची इंजिने आणि त्यांचा परिसर ठरावीक प्रमाणात लहान करून त्यात दाखवला जातो. धावत्या गाड्यांच्या प्रतिकृती-मार्गात हालचालीला महत्त्व असते. या देखाव्यात काहीही हलत नाही. इंजिनांची अवस्था, त्यांवरील गंज, सभोवतालची माती, वनस्पती आणि इमारती यांच्या साहाय्याने एखाद्या लोहमार्गाच्या इतिहासातील नेमका काळ दाखवणे हा त्याचा हेतू असतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात अशा देखाव्यासाठी बार्शी लाईट रेल्वे हा महत्त्वाचा विषय आहे. मिरज ते लातूर या नॅरोगेज मार्गावर लातूर जिल्ह्यातील औसा रोड हे स्थानक होते. मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्यामुळे मूळ रूळ राहिलेले नाहीत. त्यामुळे छायाचित्रे, आराखडे आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी यांवरून केलेली प्रतिकृती हे या मार्गाचे दृश्य रूप समजून घेण्याचे एक साधन ठरते.

== संज्ञा आणि पूर्वपीठिका ==

डायोरामा हा शब्द ग्रीक भाषेतील घटकांपासून बनला असून त्याचा शब्दशः अर्थ ‘आरपार पाहिलेले दृश्य’ असा होतो. लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिस येथे डायोरामा या नावाचे प्रेक्षागृह सुरू केले. तेथे अर्धपारदर्शक कापडावर रंगवलेल्या भव्य चित्रांवर पुढून आणि मागून प्रकाश पाडून दृश्य बदलल्याचा भास निर्माण केला जाई. पुढे वस्तुसंग्रहालयांमध्ये प्राणी, युद्धप्रसंग किंवा लोकजीवन त्रिमितीय रूपात मांडण्याच्या पद्धतीला हेच नाव मिळाले.

मराठीत या कल्पनेसाठी ‘देखावा’ हा शब्द आधीपासून रूढ आहे. सार्वजनिक गणेशोत्सवातील देखावे आणि दिवाळीत मुलांनी अंगणात बांधलेले मातीचे किल्ले ही त्याची परिचित उदाहरणे होत. किल्ल्यावर गवत उगवावे म्हणून अळीव किंवा मोहरी पेरणे, डबक्यासाठी आरसा वापरणे, बुरुजांच्या मानाने मावळ्यांच्या मूर्तींचा आकार निवडणे हे उपाय प्रतिकृतिकलेतील भूदृश्य-रचनेच्या प्राथमिक तंत्रांशी मिळतेजुळते आहेत. मुख्य फरक प्रमाणाचा आहे. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा उंच असला तरी चालते. प्रतिकृती-देखाव्यात प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात लहान केलेली असावी लागते.

== इंजिनांची साठवण ==

सेवेतून काढलेले इंजिन आणि साठवणीतील इंजिन या दोन वेगळ्या अवस्था आहेत. वाहतूक कमी झाल्यामुळे किंवा दुरुस्तीच्या प्रतीक्षेत तात्पुरते उभे केलेले, पुन्हा वापरात येण्याची शक्यता असलेले इंजिन साठवणीतील समजले जाते. यादीतून वगळलेले इंजिन भंगाराच्या विक्रीची वाट पाहत असते. स्मारक म्हणून चौथऱ्यावर बसवलेले इंजिन ही तिसरी अवस्था होय. या तिन्ही अवस्थांतील इंजिने वेगवेगळी दिसतात. म्हणून देखाव्यात कोणती अवस्था दाखवायची हे प्रथम ठरवावे लागते.

दीर्घकाळ उभ्या ठेवायच्या इंजिनाचा बॉयलर दोन पद्धतींनी सांभाळला जातो. कोरड्या पद्धतीत बॉयलर पूर्ण रिकामा करून वाळवतात आणि आतील ओलावा शोषण्यासाठी कळीचा चुना ठेवून तो बंद करतात. ओल्या पद्धतीत तो अल्कलीयुक्त पाण्याने काठोकाठ भरतात, जेणेकरून आत हवा राहू नये. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून धुरांड्यावर पत्र्याचे झाकण किंवा गोणपाट बांधले जाते. चकचकीत ठेवलेल्या पोलादी भागांवर चरबीयुक्त लेप दिला जातो. ओल्या कोळशातून झिरपणारे आम्लयुक्त पाणी पत्रा खाते, म्हणून कोळशाची जागा रिकामी करतात. इंजिन दुसऱ्या गाडीला जोडून दूर न्यायचे असल्यास सिलिंडर आणि चाके यांना जोडणारे दांडे काढून ठेवतात. पितळी नळ, दाबमापक आणि नावाच्या पट्ट्या चोरीस जाऊ नयेत म्हणून अनेकदा आधीच उतरवल्या जातात.

साठवलेल्या इंजिनांची मोठी उदाहरणे जगात अनेक ठिकाणी होती. सोव्हिएत संघ आणि स्वीडन यांनी युद्धकाळात इंधन किंवा वीज तुटल्यास उपयोगी पडावीत म्हणून वाफेची इंजिने राखीव साठ्यात ठेवली होती. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरील वाफेची नियमित सेवा ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. वेल्समधील बॅरी येथील वुडहॅम ब्रदर्स या भंगार व्यावसायिकांनी २९७ इंजिने विकत घेतली होती. त्यांतील २१३ इंजिने तोडली जाण्यापूर्वी जतनप्रेमींनी परत विकत घेतली. समुद्राच्या खाऱ्या हवेत अनेक वर्षे रांगेने गंजत उभ्या असलेल्या या इंजिनांची छायाचित्रे प्रतिकृतिकारांचा नेहमीचा आधार ठरली आहेत.

भारतात चित्तरंजन येथील कारखान्याने १९७० मध्ये ब्रॉडगेजसाठीचे शेवटचे वाफेचे इंजिन बांधले. त्याला ‘अंतिम सितारा’ असे नाव देण्यात आले. तेथील वाफेच्या इंजिनांची निर्मिती १९७२ मध्ये पूर्णपणे थांबली. ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची सेवा १९९५ मध्ये संपली. या अडीच दशकांत देशभरातील आगारांच्या मागे उभी असलेली इंजिने हे नेहमीचे दृश्य होते. त्यांपैकी फारच थोडी जतन झाली.

== औसा परिसर आणि बार्शी लाईट रेल्वे ==

बार्शी लाईट रेल्वे ही २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी रुंदीच्या रुळांवरील खासगी कंपनी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत काम केलेले ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. कंपनीची नोंदणी १८९५ मध्ये लंडन येथे झाली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. पूर्ण लांबी सुमारे ३२५ किमी झाली. लातूरकडील भाग त्या काळी हैदराबाद संस्थानात मोडत असे. पंढरपूरच्या आषाढी आणि कार्तिकी यात्रेची गर्दी, तसेच लातूरच्या बाजारपेठेतील शेतमाल ही या मार्गाची महत्त्वाची वाहतूक होती. १ जानेवारी १९५४ रोजी मार्ग सरकारच्या ताब्यात आला आणि मध्य रेल्वेचा भाग बनला.

कॅल्थ्रॉप यांच्या रचनेचे सूत्र हलक्या रुळांवर जास्तीत जास्त भार वाहणे हे होते. यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ वापरूनही मोठी वाहने चालवता यावीत म्हणून इंजिने आणि डबे यांचा प्रत्येक आसावरील भार कमाल ५ टन ठरवण्यात आला. त्यामुळे इंजिनांना अनेक चाके द्यावी लागली. लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेली पहिली ए वर्गाची इंजिने ०-८-४ चाकरचनेची टाकी-इंजिने होती. म्हणजे पुढे आधारचाके नाहीत, मध्ये आठ चालकचाके आणि मागे चार आधारचाके. पुढील काळात ४-८-४ रचनेची टाकी-इंजिने आणि २-८-२ रचनेची टेंडर-इंजिने आली. मालडबे २५ फूट लांबीचे असून त्यांना दोन बोगी होत्या आणि सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे होते. याच विचारावर कॅल्थ्रॉप यांनी इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड हा नॅरोगेज मार्ग उभारला. तो १९०४ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडला. त्याची दोन्ही किटसन इंजिने भंगारात गेली.

औसा हे मध्ययुगीन भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले शहर या मार्गावर नव्हते. औसा रोड या नावातील ‘रोड’ हा शब्द, त्या गावाकडे जाणारा रस्ता जेथून फुटतो ते स्थानक, असे सुचवतो. बार्शी रोड आणि लातूर रोड ही त्याच पद्धतीची नावे आहेत. कुर्डुवाडी येथे कंपनीची कार्यशाळा आणि मुख्य आगार होते.

मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले. लातूर ते उस्मानाबाद हा भाग २००७ मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा भाग २००८ मध्ये सुरू झाला. नव्या आखणीमुळे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, हे शहर मुख्य मार्गावर आले. पंढरपूर ते मिरज भागाचे रूपांतर त्यानंतर पूर्ण झाले. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवण्यात आले. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. ज्या दिशेने एकेकाळी वाफेच्या गाड्या धावत, त्याच मिरज–लातूर वाटेवरून ही गाडी आली. पाण्यावाचून न चालणारे वाफेचे इंजिन या अवर्षणप्रवण प्रदेशात चालवण्यासाठी टाक्या, विहिरी आणि पाणी भरण्याचे खांब किती महत्त्वाचे होते, हे त्यावरून लक्षात येते. देखाव्यातही पाण्याची टाकी हा दुय्यम भाग मानला जात नाही.

== प्रमाण आणि मापे ==

प्रतिकृतीचे प्रमाण निवडताना उपलब्ध जागा, हव्या त्या तपशिलांचा बारकावा आणि बाजारात मिळणाऱ्या रुळांची रुंदी यांचा विचार होतो. भारतीय मार्गांच्या बाबतीत अडचण अशी की बहुतेक कारखानदार १४३५ मिमी या आंतरराष्ट्रीय प्रमाणित रुंदीच्या मार्गांसाठी साहित्य बनवतात. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी रुंद आहे. नॅरोगेज आणि ब्रॉडगेज यांची लहान केलेली रुंदी खालीलप्रमाणे येते.

| प्रमाण | रूढ नाव | ७६२ मिमी मार्ग | १६७६ मिमी मार्ग |
|---|---|---|---|
| १:१६० | एन | ४.८ मिमी | १०.५ मिमी |
| १:८७ | एचओ | ८.८ मिमी | १९.३ मिमी |
| १:७६.२ | ओओ | १०.० मिमी | २२.० मिमी |
| १:४८ | ओ, अमेरिकी | १५.९ मिमी | ३४.९ मिमी |
| १:४३.५ | ओ, ब्रिटिश | १७.५ मिमी | ३८.५ मिमी |

बाजारात ९ मिमी आणि १६.५ मिमी रुंदीचे तयार रूळ सहज मिळतात. १:८७ प्रमाणात ९ मिमी रूळ वापरल्यास बार्शी मार्गाच्या रुंदीत केवळ पाव मिलिमीटरचा फरक पडतो. १:४८ प्रमाणात १६.५ मिमी रूळ वापरल्यास सुमारे ०.६ मिमीचा फरक येतो. म्हणून नॅरोगेजसाठी ही दोन प्रमाणे सोयीची आहेत. याउलट १:८७ प्रमाणातील ब्रॉडगेज १६.५ मिमी रुळांवर दाखवल्यास मार्ग जवळजवळ ३ मिमीने अरुंद होतो. कुर्डुवाडीसारख्या, दोन्ही रुंदींचे मार्ग शेजारी असलेल्या ठिकाणच्या देखाव्यात ही चूक नजरेत भरते. स्थिर देखाव्यात गाड्या चालवायच्या नसल्याने ब्रॉडगेजचे रूळ हाताने योग्य अंतरावर बसवता येतात. धावत्या मार्गाच्या तुलनेत हा स्थिर देखाव्याचा मोठा फायदा होय.

१:८७ प्रमाणात १२० सेमी लांब आणि ४५ सेमी रुंद फळीवर सुमारे १०४ मीटर लांब आणि ३९ मीटर रुंद जागा दाखवता येते. बार्शी मार्गाचा २५ फुटी मालडबा ८८ मिमीचा होतो. १६५ सेमी उंचीचा माणूस १९ मिमीचा होतो. ५० मिमी आकाराची खडी ०.६ मिमीच्या कणांनी दाखवावी लागते; म्हणून नेहमीची वाळू या कामी जाड पडते.

== माहितीचे संकलन ==

देखाव्याची विश्वासार्हता बांधकामापूर्वीच्या संकलनावर अवलंबून असते. इंजिनांचे मूळ आराखडे, रेल्वेची वेळापत्रके, स्थानकाचे नकाशे, जुनी छायाचित्रे आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी ही मुख्य साधने आहेत. प्रत्येक साधनाला मर्यादा आहे. आराखडा इंजिन नवे असतानाची स्थिती सांगतो. पुढील दुरुस्त्या त्यात नसतात. छायाचित्र एकाच बाजूचे असते. कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ठरवता येत नाही. गंज आणि तांबडा रंग त्यात सारखेच दिसू शकतात. आठवणी माणसांच्या वावराबद्दल मौलिक माहिती देतात, मात्र तारखा आणि क्रमांक यांबाबत त्या पडताळून घ्याव्या लागतात.

इमारतीचे माप माहीत नसल्यास छायाचित्रातील ज्ञात वस्तूवरून ते काढले जाते. रुळांमधील ७६२ मिमी अंतर, विटांचे थर किंवा मालडब्याची लांबी ही अशी मोजपट्टी ठरते. दूरची वस्तू लहान दिसत असल्याने मोजपट्टी आणि इमारत कॅमेऱ्यापासून जवळपास समान अंतरावर असणे आवश्यक असते.

== बांधणी ==

=== पाया आणि आराखडा ===

पायासाठी किमान १२ मिमी जाडीची प्लायवूड फळी आणि खालून लाकडी चौकट वापरतात, जेणेकरून पावसाळी दमटपणात फळी वाकणार नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी असल्याने उंचसखल भाग पुठ्ठ्याच्या पट्ट्या, कागदाचा लगदा किंवा जाळीवर प्लॅस्टर वापरून तयार केले जातात. मराठवाड्यातील आगाराचा परिसर बहुतांशी सपाट असल्याने उंचवट्यांपेक्षा राखेचे ढीग, चर, भराव आणि पाण्याचे ओहोळ यांतून पृष्ठभागाला रूप दिले जाते.

रूळ फळीच्या कडेला समांतर ठेवल्यास देखावा मांडणीच्या फळीसारखा दिसतो. म्हणून इंजिनांची रांग कडेशी किंचित तिरकी ठेवली जाते. रुळांचे एक टोक इमारतीच्या किंवा झाडांच्या मागे नेल्यास मार्ग पुढे चालू असल्याचा भास होतो. साठवणीचे रूळ मुख्य मार्गापेक्षा खालच्या पातळीवर, वाकडेतिकडे आणि मातीत रुतलेले दाखवतात, कारण त्यांची देखभाल कमी होत असे.

=== रूळ आणि जमीन ===

३० पौंडी रुळाची उंची १:८७ प्रमाणात १ मिमीपेक्षा कमी भरते. म्हणून तयार रुळांपैकी सर्वांत कमी उंचीचे रूळ निवडतात. नेहमीच्या वापरातील रुळाचा माथा चाकांच्या घर्षणाने चकाकतो. साठवणीच्या रुळाचा माथाही गंजलेला असतो. हा एकच तपशील दृश्याचा अर्थ बदलतो.

औसा आणि लातूर परिसराची काळी माती दाखवण्यासाठी प्रत्यक्ष माती वापरता येते. ती उन्हात वाळवून, कीड व बुरशी मरावी म्हणून तव्यावर भाजून, नंतर वस्त्रगाळ करून घेतात. पांढरा लाकडी गोंद तीनपट पाण्यात मिसळून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकल्यास मिश्रण मातीत सहज मुरते. काळी माती वाळताना आकसते आणि भेगाळते. थर जाड असल्यास प्रमाणाबाहेरच्या भेगा पडतात. १:८७ प्रमाणात २ मिमीची भेग म्हणजे प्रत्यक्षात १७ सेमीची भेग होय. म्हणून पातळ थर अनेक वेळा दिले जातात. आगाराच्या आवारात मात्र शेतातील काळी माती उघडी नसते. तेथे मुरूम, कोळशाची पूड, राख आणि तेलाचे डाग यांचा मिश्र थर असतो.

=== इंजिने ===

भारतीय नॅरोगेज इंजिनांची तयार मॉडेल दुर्मीळ असल्याने ती बहुधा स्वतः घडवावी लागतात. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, पितळी पत्रा, लेझरने कापलेले भाग आणि त्रिमितीय मुद्रण या पद्धती प्रचलित आहेत. स्थिर देखाव्यात मोटर बसवायची नसल्याने चौकट आणि चाके अधिक प्रमाणबद्ध करता येतात. चिकाटीच्या कामाचा मोठा भाग साठवणीच्या खुणांवर खर्च होतो: धुरांड्यावरील झाकण, काढलेले दांडे, रिकाम्या जागेतून दिसणारी भट्टीची भिंत, उतरवलेल्या दिव्याची उरलेली कंस-पट्टी, खडूने लिहिलेले क्रमांक.

=== गंज आणि झीज ===

गंज सर्वत्र सारखा नसतो; तो इंजिनाच्या रचनेनुसार येतो. पुढील धूरपेटी सर्वाधिक तापत असल्याने तिचा रंग आधी जळतो आणि उघडा पत्रा प्रथम गंजतो. बॉयलरच्या वरील आवरणाखाली पाणी साचल्यास पत्र्याच्या कडा व पट्ट्या आतून फुटतात. पाणी आत घेणाऱ्या झडपांखाली क्षारांचे पांढरे ओघळ राहतात. चाके आणि दांड्यांच्या सांध्यांवर वंगण असल्याने तेथे गंज उशिरा येतो. तेथे धूळ चिकटून काळपट थर बनतो. चालकाच्या खोलीचे छप्पर आणि टाकीचा सपाट माथा यांवर पाणी साचते, म्हणून तेथे गंजाची वर्तुळे दिसतात.

रंगकामात प्रथम तपकिरी थर देऊन त्यावर काळा रंग लावतात. दोन थरांमध्ये मिठाचे कण किंवा केसांचा स्प्रे वापरल्यास वरचा रंग ओल्या ब्रशने ठिकठिकाणी उचलता येतो आणि पापुद्रे सुटल्याचा परिणाम मिळतो. कोरड्या रंगासाठी गेरू, विटांची भुकटी आणि कोळशाची पूड ही सहज मिळणारी साधने आहेत. शिरक्यात भिजवलेल्या पोलादी घासणीपासून खरा गंज मिळतो. तो मॉडेलवर वापरण्यापूर्वी पूर्ण वाळवावा लागतो, अन्यथा पितळी भाग काळवंडतात. ॲसिटोनयुक्त रंगाचा फवारा थर्माकोलवर बसल्यास थर्माकोल विरघळतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

=== वनस्पती ===

मराठवाड्यातील दृश्यासाठी बाभूळ, वेडी बाभूळ, कडुलिंब, रुई, घाणेरी आणि कुसळी गवत या वनस्पती योग्य ठरतात. बारीक तारांची खोडे, सुकलेली मुळे, नारळाचा काथ्या आणि रंगवलेला लाकडाचा भुसा यांपासून त्या बनवतात. ऋतू एकच असावा. भाद्रपदात रुळांमधून गुडघाभर हिरवे गवत असते; चैत्र–वैशाखात तेच पिवळे पडून माती उघडी होते. कडुलिंबाची पालवी हिरवीगार आणि खाली गवत वाळलेले, हे उन्हाळ्याचे खरे चित्र आहे. चाकांच्या आऱ्यांमधून वर आलेले झुडूप इंजिन किती काळ हलले नाही हे सांगते. म्हणून झुडपाचे वय आणि गंजाची पातळी परस्परांशी जुळावी लागते.

== कालविसंगती ==

देखाव्यातील प्रत्येक वस्तू निवडलेल्या वर्षी अस्तित्वात असणे आवश्यक आहे. काही सामान्य विसंगती पुढीलप्रमाणे आढळतात.

* गाजरगवताची भारतातील नोंद १९५० च्या दशकात पुणे परिसरातून झाली. कंपनीच्या काळातील, म्हणजे १९५४ पूर्वीच्या दृश्यात ते दाखवणे चुकीचे ठरते.
* मध्य रेल्वेची अक्षरे १९५४ पूर्वी बार्शी मार्गाच्या डब्यांवर असू शकत नाहीत.
* लातूर जिल्हा १९८२ मध्ये निर्माण झाला. त्यापूर्वीच्या फलकांवर उस्मानाबाद जिल्ह्याचा उल्लेख हवा.
* लातूरपर्यंतचा मार्ग १९११ मध्ये आणि मिरजेपर्यंतचा १९२७ मध्ये पूर्ण झाला. दिशादर्शक फलक त्यानुसार असावेत.

स्थळाची विसंगतीही तितकीच महत्त्वाची आहे. इंजिनांची रांग साठवण्याची जागा आगार किंवा कार्यशाळा ही असते, कारण तेथे बाजूचे रूळ, पाणी, देखरेख आणि सुटे भाग असतात. औसा रोडसारख्या वाटेवरच्या स्थानकावर मालधक्क्याजवळ उभा असलेला एखादा डबा स्वाभाविक वाटतो. सहा इंजिनांची रांग तेथे विश्वसनीय वाटत नाही. अशी रांग दाखवायची असल्यास कुर्डुवाडीचा परिसर निवडणे योग्य ठरते.

== नोंद आणि कल्पना ==

या प्रकाराबाबत प्रतिकृतिकारांमध्ये दोन दृष्टिकोन आढळतात. पहिल्यानुसार देखावा हा दस्तऐवज आहे. ज्या इंजिनाचे छायाचित्र नाही ते दाखवू नये आणि अनुमान केलेला भाग स्पष्टपणे नोंदवावा. दुसऱ्यानुसार देखावा ही कलाकृती आहे. ठिकाण काल्पनिक असले तरी मार्गाची वृत्ती, प्रदेशाचा रंग आणि काळाची छाया खरी असली की पुरे.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा राहत नाही, कारण मूळ वस्तू नष्ट झाल्यावर प्रतिकृती हाच पुरावा समजला जाण्याचा धोका असतो. प्रदर्शनात पाहिलेला देखावा विद्यार्थी खरा इतिहास म्हणून लक्षात ठेवतात. त्याची छायाचित्रे मूळ संदर्भाशिवाय फिरू लागली की चूक दुरुस्त करणे अवघड होते. यावर उपाय म्हणून देखाव्यासोबत माहितीपट्टी ठेवली जाते. तीत प्रमाण, दाखवलेले ठिकाण व वर्ष, वापरलेली साधने आणि अनुमानाने भरलेले भाग नमूद केले जातात. इंजिनाचा क्रमांक निश्चित माहीत नसल्यास तो न लिहिता पट्टी उतरवलेली दाखवणे हा प्रामाणिक आणि साठवणीच्या वास्तवाशी सुसंगत असा मार्ग आहे.

गंजाच्या सौंदर्याविषयीही आक्षेप घेतला जातो. मोडकळीस आलेली इंजिने आकर्षक रीतीने दाखवताना त्यांवर काम केलेली माणसे दृश्यातून नाहीशी होतात. फायरमन, ड्रायव्हर, फिटर, खलाशी आणि राख उपसणारे मजूर यांच्या श्रमावर हे मार्ग चालत. म्हणून काही देखाव्यांत पहारेकरी, सुटे भाग काढणारा फिटर किंवा इंजिनाच्या सावलीत बसलेली माणसे यांचा समावेश केला जातो.

== महाराष्ट्रातील संबंधित संग्रह ==

पुण्यातील कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून निर्माण झालेले हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे लहान आकाराचे शहर आणि त्यातून धावणाऱ्या विविध काळांतील गाड्या, वाफेच्या इंजिनांसह, दाखवल्या जातात. नागपूर येथील मोतीबाग परिसरात २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. बंगाल–नागपूर रेल्वेच्या सातपुडा भागातील नॅरोगेज मार्गांचा वारसा त्यात आहे. ७६२ मिमी रुंदीची इंजिने प्रत्यक्ष मोजण्यासाठी हे ठिकाण उपयुक्त आहे.

विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जाणारा मार्गही ७६२ मिमी रुंदीचा होता. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बांधलेले तेथील वाफेचे इंजिन सुमारे सात दशके सेवेत राहिले आणि एप्रिल १९९४ मध्ये त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. नेरळ–माथेरान मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. तो ६१० मिमी रुंदीचा असून त्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीने टाकी-इंजिने बांधली होती. दिल्ली येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये स्थापन झाले. हरियाणातील रेवाडी येथील आगारात काही वाफेची इंजिने चालू स्थितीत ठेवली आहेत. तेथे वापरातील इंजिनाचे निरीक्षण करता येते आणि साठवणीतील इंजिनाशी त्याची तुलना शक्य होते.

== जतन ==

पूर्ण झालेल्या देखाव्याला धूळ, ऊन, दमटपणा आणि कीटक यांपासून धोका असतो. बारीक गवतात साचलेली धूळ काढता येत नाही, म्हणून काच किंवा ॲक्रिलिकचे आवरण सुरुवातीपासूनच आराखड्यात धरले जाते. थेट सूर्यप्रकाशात गोंद पिवळा पडतो आणि रंग उडतात. त्यामुळे कमी उष्णतेचे एलईडी दिवे वापरतात. नैसर्गिक माती, काथ्या आणि लाकडाचा भुसा यांना वाळवी व कसर लागू शकते. कीटकांसाठी ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक मऊ पडते, म्हणून बंद पेटीत त्या ठेवू नयेत. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर फळीचा समतलपणा, सांधे आणि गोंद तपासणे ही नियमित देखभाल होय.

देखाव्याइतकेच त्यासाठी जमवलेले आराखडे, मापे आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण जपणे महत्त्वाचे मानले जाते. प्रतिकृती मोडली तरी या साहित्यावरून ती पुन्हा बांधता येते.

== हे सुद्धा पहा ==

* बार्शी लाईट रेल्वे
* कुर्डुवाडी
* औसा
* नेरळ–माथेरान रेल्वे
* शकुंतला रेल्वे
* राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, दिल्ली